गाडी धुताना कंबर सांभाळा

मार्केट यार्डात माल उतरवून धायरीला आलं की पिकअप धुणं आलंच. पन्नाशीनंतर त्यातच कंबर धरते. 15 लिटरची भरलेली बादली म्हणजे 15 किलो वजन. अर्धीच भरा, नाहीतर पाइप लावा. वाळलेला चिखल जोर लावून खरवडू नका. पाणी मारून दहा मिनिटं भिजू द्या, तोवर चहा घ्या. चाकं घासायला वाकून उभं राहू नका, बुटक्या स्टुलावर बसा. टपासाठी लांब दांड्याचा ब्रश वापरा. ओल्या टायरवर चढणं बंदच करा, पाय सटकतो. खांदा भरला की हात बदला. आज हौदा, उद्या केबिन, असं चालतं. कळ कंबरेतून पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.