विश्लेषण : ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्या चाहत्यांचे ४३ वर्षांचे नियतकालिक का बंद पडले?

अमेरिकी रॉकस्टार ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि त्यांचा ई स्ट्रीट बँड सहा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा दौऱ्यावर निघाला, तो १ फेब्रुवारी २०२३ रोजी. फ्लोरिडातील टँपा शहरात पहिला कार्यक्रम झाला. चाहत्यांसाठी तो सणच होता. मात्र, दोनच दिवसांनी त्यांचे हक्काचे व्यासपीठ असलेल्या ‘बॅकस्ट्रीट्स’ने काम थांबवत असल्याचे जाहीर केले. १९८० मध्ये सिॲटलमध्ये सुरू झालेले हे नियतकालिक पुढे संकेतस्थळाच्या रूपातही लोकप्रिय झाले होते. नेमके काय बिनसले?

चाहते एकाच दौऱ्यात अनेकदा का जायचे?

स्प्रिंगस्टीन यांचा कार्यक्रम रोज तोच नसायचा. प्रेक्षक हव्या असलेल्या गाण्याचे फलक घेऊन उभे राहायचे. ते त्यातला एखादा उचलायचे आणि बँड ते गाणे तिथेच वाजवायचा. तीन तास सहज उलटायचे. २०१२ मध्ये हेलसिंकीत तर कार्यक्रम चार तास सहा मिनिटे चालला. आज काय वाजेल याचा नेम नसल्यामुळे निष्ठावंत चाहते या शहरातून त्या शहरात जात. ‘बॅकस्ट्रीट्स’ प्रत्येक रात्रीची गाण्यांची यादी आणि वृत्तांत देई. हा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा होता. तिकीट पुन्हा पुन्हा परवडायला हवे.

मग तिकिटांचे काय झाले?

जुलै २०२२ मध्ये ‘तिकीटमास्टर’वर विक्री सुरू झाली. आधी नोंदणी केलेले चाहते ऑनलाइन रांगेत तासन्‌तास थांबले आणि आत शिरल्यावर काही तिकिटांचे दर ५,००० डॉलरच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने चार लाख रुपयांपर्यंत गेलेले दिसले. याला ‘डायनॅमिक प्रायसिंग’ म्हणतात. गणपतीच्या तोंडावर कोकणात जाणाऱ्या खासगी बसचे भाडे चढते, तसेच हे. फरक इतकाच, की इथे संगणकप्रणाली मागणी बघून त्या क्षणी दर बदलते.

कोल्डप्लेच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांच्या वेळी आपल्याकडेही संताप झाला होता. तिथे राग फेरविक्रीतल्या काळ्या बाजारावर होता. स्प्रिंगस्टीन यांच्या प्रकरणात मात्र वाढीव दर अधिकृत खिडकीवरच लागला. काळाबाजारवाल्याला शिव्या देता येतात, पण आवडत्या गायकाला कशा देणार?

कंपनी आणि गायकाचे म्हणणे काय?

अशी चढ्या दराची तिकिटे ११.८ टक्केच होती, सरासरी दर २६२ डॉलर होता आणि हजार डॉलरच्या वर फक्त १.३ टक्के तिकिटे गेली, असा खुलासा कंपनीने केला. हे आकडे एकदा जाणाऱ्या प्रेक्षकासाठी ठीक आहेत. एकाच दौऱ्यात आठ-दहा कार्यक्रम पाहणाऱ्याला मात्र सरासरी दरही झेपणारा नाही.

स्प्रिंगस्टीन यांनी एका मुलाखतीत आपली बाजू मांडली. इतकी वर्षे आपण इतरांपेक्षा कमी दर ठेवले. ते जादा पैसे तसेही दलालांच्या खिशात जातात, मग मंचावर घाम गाळणाऱ्यांना का मिळू नयेत, असा त्यांचा सवाल होता. तो अगदीच बिनबुडाचा नाही. पण कामगारांच्या जगण्याची गाणी लिहून मोठा झालेला माणूस हे बोलत होता, म्हणून ते जास्त लागले. दलालांना रोखण्याचे दुसरे मार्गही होते. २०२३ मध्ये ‘द क्युअर’ बँडने अमेरिकेतील दौऱ्यात असे दर नाकारले. इतकेच नाही, तर गायक रॉबर्ट स्मिथ यांनी आवाज उठवल्यावर ‘तिकीटमास्टर’ला काही शुल्क परतही करावे लागले.

संपादकाने नेमके काय ठरवले?

‘बॅकस्ट्रीट्स’चे संपादक ख्रिस्तोफर फिलिप्स यांनी बहिष्काराची हाक दिली नाही. जाणाऱ्यांना दोषही दिला नाही. आपण चाहते राहणारच, असे त्यांनी स्पष्ट केले. अडचण वेगळी होती. बहुतेक वाचकांना ज्या कार्यक्रमांना जाणेच परवडणार नाही, त्यांचे वृत्तांत पूर्वीच्या उमेदीने लिहिणे आता जमणार नाही, असे त्यांना जाणवले.

दौरा पुढे जवळपास अडीच वर्षे चालला आणि जुलै २०२५ मध्ये मिलानमध्ये संपला. ‘बॅकस्ट्रीट्स’ने मात्र त्याचे वृत्तांत दिले नाहीत.