तागालोगमधील ‘आय’ आणि उलटलेले वाक्य

जहाजावरील माझ्या फिलिपिनो सहकाऱ्यांचे आपसातील बोलणे आणि त्यांच्याच भाषेतील छापील मजकूर यांत शब्द तेच असूनही क्रम पुष्कळदा भिन्न का असतो, या कुतूहलापोटी मी तागालोगच्या व्याकरणाकडे वळलो.

मराठीत क्रियापद सामान्यतः अखेरीस येते. तागालोगमध्ये विधेयाचा मान पहिला. ‘घर सुंदर आहे’ हे ‘मागांदा आङ बाहाय’ असे, म्हणजे आधी ‘सुंदर’ आणि मग ‘आङ’ ही खूण लागलेले ‘घर’. घर पुढे आणावयाचे झाल्यास मध्ये ‘आय’ घालतात: ‘आङ बाहाय आय मागांदा’.

या ‘आय’ला ‘आहे’ समजणे सर्वस्वी अयोग्य होय. कारण ते क्रियापद नसून क्रमबदलाची निशाणी आहे, आणि ‘सिया आय कुमाइन’ (तो जेवला किंवा ती जेवली) अशा सक्रियापद वाक्यातही ते निमूटपणे उभे असते.

खरी मेख पुढेच आहे. ‘बिनासा नङ बाता आङ अक्लात’, अर्थात मुलाने पुस्तक वाचले, या वाक्यात ‘आङ’चा शिक्का लाभलेल्या पुस्तकालाच ‘आय’पूर्वी बसण्याची सनद आहे, ‘नङ’धारी मुलाला ती नाही. त्यालाच अग्रस्थान द्यावयाचे, तर क्रियापदाचे रूप बदलून ‘आङ बाता आय बुमासा नङ अक्लात’ म्हणावे लागते. कालवाचक पदांना मात्र मुभा आहे: ‘काहापोन आय उमुलान’, काल पाऊस पडला.

ही रचना भाषणांत व ग्रंथांत शोभते. रोजच्या गप्पांत ती, माझ्या मते, किंचित दरबारी वाटते.

कोणास शंका असल्यास अवश्य विचाराव्यात. क्रियापदांच्या रूपांविषयी तर विशेष आनंदाने लिहीन.