वैनगंगेकांठची पवनी

इटलीच्या उत्तर भागांत तिचिनो नदीच्या कांठीं पाविया नांवाचें एक जुनें शहर आहे. रोमन लोकांच्या वेळीं तें तिचिनुम या नांवानें ओळखलें जाई. पुढें सातव्या-आठव्या शतकांत तें लोंबार्ड राजांची राजधानी होतें. आणि १३६१ सालीं तेथें विद्यापीठ स्थापन झालें. तिचिनोवर चौदाव्या शतकांत बांधलेला एक छपराचा पूल होता. दुसऱ्या महायुद्धांत, १९४४ सालीं, विमानांतून झालेल्या बाँबच्या वर्षावानें तो भंगला. तेव्हां शहरवासीयांनीं त्याच धाटणीचा नवा पूल जवळच उभारला आणि १९५१ सालीं तो खुला केला. देशोदेशींचे प्रवासी आज तो मुद्दाम पाहावयास जातात.

नदीनें वाढविलेलीं आणि नदीकडे तोंड करून बसलेलीं गांवें आपल्याकडेही थोडीं नाहींत. नाशिक, वाई, पैठण हीं नांवें तर घरोघरीं ठाऊक आहेत. परंतु या मालिकेंत भंडारा जिल्ह्यांतील पवनीचें नांव घेणारा मनुष्य विरळा. वस्तुतः तिचिनोकांठीं रोमन नगर उभें राहिलें त्याच्या आधींच वैनगंगेच्या कांठीं पवनी नांदत होती, हें उत्खननानें सिद्ध झालेलें आहे. ज्या गांवानें मौर्यांचा काळ पाहिला तें गांव आपल्याच लोकांना अपरिचित असावें, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

प्रथम नदीचा विचार करूं. वैनगंगा मध्य प्रदेशांतील शिवनी जिल्ह्यांत मुंडारा गांवाजवळ उगम पावते. बालाघाट, गोंदिया, भंडारा हे प्रदेश ओलांडून ती दक्षिणेकडे वळते, पुढें वर्धा नदीस मिळते, आणि त्या दोघींचा संयुक्त प्रवाह प्राणहिता या नांवानें गोदावरींत जातो. वाकाटकांच्या ताम्रपटांत जी ‘बेण्णा’ नदी येते ती हीच, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या पंडितांनीं दाखविलें आहे. एका बाजूस भाताचीं सुपीक शेतें, दुसऱ्या बाजूस दाट अरण्य, आणि मधून बारमाही पाणी, अशी ही भूमि. अशा ठिकाणीं उंच कांठ पाहून वस्ती व्हावी व ती टिकावी, यांत नवल नाहीं.

पवनी भंडाऱ्याच्या दक्षिणेस आहे. गांवाची रचना लक्षांत घेण्यासारखी आहे. एका अंगास नदी आणि उरलेल्या तीन अंगांस तट व खंदक अशी तिची बांधणी. नदी ही येथें चौथी भिंतच म्हणावयाची. मूळचा तट मातीचा. त्यावरील दगडी काम व दरवाजा हीं नंतरच्या राजवटींचीं. पवन नांवाच्या राजानें हें नगर वसविलें व त्यावरून पवनी हें नांव पडलें, असें लोक सांगतात. दंतकथेला पुरावा मागूं नये; परंतु तट पाहिला म्हणजे येथें कोणी तरी बलाढ्य सत्ता नांदत होती, एवढें खरें वाटतें.

या सत्तेचा व तेथील धर्मजीवनाचा खरा उलगडा १९६९-७० सालीं झाला. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व विभाग यांनीं मिळून येथें उत्खनन केलें. डॉ. शां. भा. देव व श्री. ज. प. जोशी हे त्याचे प्रमुख होते, आणि त्याचा वृत्तांत १९७२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. गांवाबाहेर ज्यांस लोक साध्या टेकड्या समजत, त्या टेकड्या नसून स्तूप निघाले. एक जगन्नाथ टेकडी व दुसरी चंडकापूरची. जगन्नाथ टेकडीखालील स्तूपाचा व्यास सुमारे ४० मीटर आहे. सांचीच्या महास्तूपाचा व्यास सुमारे ३६॥ मीटर, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पवनीच्या स्तूपाची थोरवी समजते.

स्तूप म्हणजे काय, हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मध्यभागीं विटांचा व मातीचा भरीव घुमट, त्याच्या सभोंवार प्रदक्षिणेची वाट, आणि वाटेच्या बाहेरून दगडी कठडा, अशी त्याची घडण असते. आंत जाऊन पूजा करण्याचें तें देऊळ नव्हे. भोंवतीं फिरून वंदन करण्याची ती वास्तु होय. कठड्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांचीं नांवें ब्राह्मी लिपींत कोरलेलीं असत. तशीं नांवें पवनीसही मिळालीं. दोन हजार वर्षांपूर्वीं एखादा गृहस्थ किंवा एखादी भिक्षुणी आपल्या पदरचें कांहीं देऊन एक खांब उभा करी, आणि तेवढ्यावर तिचें नांव आजपर्यंत टिके. राजांच्या प्रशस्तीपेक्षां हे चार शब्द मनाला अधिक भिडतात.

पवनीच्या शिल्पांत एक शिळा विशेष प्रसिद्ध आहे. बोधि प्राप्त झाल्यावर बुद्ध ध्यानस्थ असतां वादळी पाऊस झाला, तेव्हां मुचलिंद नांवाच्या नागराजानें आपली फणा त्यांच्यावर धरली, अशी बौद्ध कथा आहे. पवनीच्या शिळेवर नागाची अनेक फणांची आकृति आहे, खालीं आसनही आहे; परंतु आसनावर कोणी बसलेलें नाहीं. प्राचीन बौद्ध कलेंत बुद्धाची मूर्ति घडवीत नसत. रिकामें आसन, बोधिवृक्ष, धर्मचक्र अशा खुणांनींच त्याचें अस्तित्व सुचवीत. ही शिळा त्या काळची साक्ष आहे.

पवनीस आणखी दोन लेख सांपडले. एक पाषाणावर भार कुळांतील भगदत्त राजाचें नांव असून त्यावर पावलें कोरलेलीं आहेत. दुसरा लेख महाक्षत्रप रूपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेल्या छायास्तंभावर आहे, आणि तो स्तंभ नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयांत ठेविलेला आहे. ‘महाक्षत्रप’ ही पदवी शकांची. पश्चिमेकडील त्या सत्तेचा माणूस वैनगंगेपर्यंत येऊन पोंचला होता, हें या एका खांबावरून कळतें. १९९४ सालीं पुरातत्त्व विभागानें येथें पुन्हां उत्खनन केलें व ज्ञानांत भर टाकली.

जुनी पवनी अशी जमिनीखालीं गेली, तरी वरची पवनी थांबली नाहीं. नदीवर दगडी घाट झाले, देवळें झालीं. विदर्भाच्या अष्टविनायकांत गणला जाणारा सर्वतोभद्र गणेश येथेंच आहे. एकाच शिळेवर निरनिराळ्या दिशांकडे मुखें असलेल्या मूर्ति, हें त्याचें वैशिष्ट्य. कोष्टी कुटुंबांच्या मागांवर रेशीमकांठी वस्त्रें विणलीं जात व त्यांस दूरवर मागणी असे. जवळच रुयाड येथें जपानी बौद्धांच्या साहाय्यानें महासमाधिभूमि हा नवा स्तूप उभा राहिला आहे. म्हणजे स्तूपांची परंपरा येथें फिरून जोडली गेली.

आतां नदीचें दुसरें रूप. पवनीच्या वरच्या अंगास गोसीखुर्द येथें मोठें धरण झालें आहे. त्याचा शिलान्यास २२ एप्रिल १९८८ रोजीं पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें झाला. त्यास ३३ दरवाजे असून अडीच लाख हेक्टरांहून अधिक जमीन भिजविण्याची त्याची योजना आहे. या पाण्यासाठीं कित्येक गांवांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या. १९२० च्या सुमारास मुळशीच्या शेतकऱ्यांनीं जें दुःख सांगितलें, तेंच येथेंही निराळ्या शब्दांत ऐकूं येतें. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेस महापूर आला, धरणाचे सर्व दरवाजे उघडावे लागले, आणि भंडारा, पवनी व खालचा सारा कांठ पाण्यांत गेला. जी नदी चौथी भिंत म्हणून राखण करीत होती, तीच कधीं कधीं घरांत शिरते.

पुरानें नेलेलें पुन्हां उभारतां येतें. परंतु माणसाच्या हातून गेलेला पुरावा परत मिळत नाहीं. जुन्या टेकडीची वीट पायाला चांगली, म्हणून उचलून नेलेली एक वीट म्हणजे ग्रंथाचें एक फाटलेलें पान होय. शेत नांगरतांना नाणें किंवा मूर्ति लागली, तर ती घरांत दडविण्यापेक्षां शासनाच्या स्वाधीन करणें बरें. १८७८ च्या निखात निधि कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या अशा ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यास कळविणें बंधनकारकही आहे. वस्तु जेथें मिळाली तेथील थर, तेथील सोबतीच्या वस्तु यांसहच ती बोलते. एकटी असली म्हणजे मुकी होते.

पाविया येथील लोकांनीं मोडलेला पूल पुन्हां उभा केला, याचें कारण त्यांना तो आपला वाटत होता. पवनीच्या टेकड्यांना फारसा खर्च लागत नाहीं. त्या कोणाच्या आहेत, एवढें ठरावें लागतें. नागपुराहून दोन-अडीच तासांत पवनीस पोंचतां येतें. मुलांना घेऊन एक दिवस तेथें जावें, तट पाहावा, जगन्नाथ टेकडीस प्रदक्षिणा घालावी, आणि परततांना नागपूरच्या संग्रहालयांतील रूपिअम्माच्या स्तंभापाशीं थांबावें. ज्या दात्यांनीं आपलीं नांवें दगडावर लिहून ठेविलीं, त्यांना वाचणारा कोणी आहे, असें त्या दिवशीं तरी म्हणतां येईल.