सगळ्यांनी मिळून पाहायला विनोदी चित्रपट निवडणं इतकं अवघड का जातं?

शनिवारची रात्र. जेवणं उरकली आहेत, दुसऱ्या दिवशी सुट्टी आहे. 'काहीतरी हलकंफुलकं लावा' असं कोणीतरी म्हणतं आणि त्यावर सगळ्यांचं लगेच एकमत होतं. मग रिमोट फिरायला लागतो. हा पाहिलेला आहे, तो फार जुना आहे, याचं पोस्टरच आवडत नाही. अर्ध्या तासाने कोणीतरी कंटाळून झोपायला जातं आणि उरलेले लोक दहा वेळा पाहिलेलाच चित्रपट पुन्हा लावतात.

हे फक्त आळसामुळे किंवा भांडखोर स्वभावामुळे होत नाही. विनोदी चित्रपट निवडणं हे इतर चित्रपट निवडण्यापेक्षा खरोखरच वेगळं काम आहे. ते वेगळं का आहे हे कळलं, तर निवड बरीच सोपी होते.

पर्याय जास्त, मग अडचण का?

सन २००० मध्ये शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका दुकानात त्यांनी जॅम चाखण्यासाठी टेबल मांडलं. कधी त्यावर २४ प्रकारचे जॅम ठेवले, तर कधी फक्त सहा. २४ जॅम पाहायला जास्त लोक थांबले, पण त्यांच्यापैकी विकत घेणारे सुमारे ३ टक्केच निघाले. सहा जॅमच्या टेबलापाशी थांबलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांनी जॅम घेतला.

पुढे अशाच बऱ्याच प्रयोगांचा एकत्रित अभ्यास झाला, तेव्हा हा परिणाम दर वेळी दिसत नाही हेही समोर आलं. आपल्याला नेमकं काय हवं हे ज्याला माहीत असतं, त्याचा जास्त पर्यायांमुळे गोंधळ होत नाही. ज्याला ते माहीत नसतं, तो अडकतो. 'काहीतरी हलकंफुलकं' ही मागणी अशीच अर्धवट असते. त्यामुळे यादी उघडण्याआधीच मागणी थोडी नेमकी करून घेतली, तर निम्मं काम होतं.

रहस्यपट चालतो, मग विनोद का फसतो?

रहस्यपट पाहताना प्रत्येक जण आपापला घाबरतो आणि आपापला तर्क करतो. विनोदाचं तसं नाही, कारण हसणं ही मुळात चारचौघांतली गोष्ट आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन अभ्यासकाने हसण्यावर बरीच वर्षं काम केलं. माणूस एकटा असताना जितका हसतो, त्याच्या सुमारे तीसपट जास्त तो इतरांच्या सोबतीत हसतो, असं त्याला आढळलं.

याचा फायदा म्हणजे एक जण खदखदून हसला की बाकीचेही हसतात. तोटा असा, की एक जण गप्प बसला तरी त्याचाही परिणाम होतो. आजी गंभीर चेहऱ्याने बसली असेल, तर नातवाचंही हसू आवरतं घेतलं जातं. म्हणजे विनोदी चित्रपट निवडताना चित्रपट चांगला आहे का, एवढंच पाहून भागत नाही. खोलीत कोण बसलं आहे, हे त्याच्याइतकंच महत्त्वाचं ठरतं.

'कॉमेडी' हा एकच शब्द, पण प्रकार किती?

ओटीटीवर 'कॉमेडी' या एकाच रकान्यात एकमेकांशी फारसा संबंध नसलेले चित्रपट शेजारी शेजारी दिसतात. त्यातले काही मुख्य प्रकार असे:

गोंधळाचा विनोद, म्हणजेच फार्स. खोटं बोलणं, वेशांतर, एक लपवायला गेलं की दुसरं उघडं पडणं. सचिन पिळगावकर दिग्दर्शित 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हे मराठीतलं सर्वांत लाडकं उदाहरण. त्याची मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान' (१९६६) या हिंदी चित्रपटातली. भाड्याच्या खोलीसाठी दोघांना बायकांचं सोंग घ्यावं लागतं आणि तिथून पुढे गुंता वाढत जातो. अशा चित्रपटात कोणाला काय माहीत आहे, हे प्रेक्षकाला सतत लक्षात ठेवावं लागतं. सुरुवातीची वीस मिनिटं चुकलेल्या माणसाला पुढची गंमत अर्धीच कळते. म्हणून घरातलं एखादं माणूस अजून ओट्यापाशी असेल, तर फार्स सुरू करू नये.

घरगुती, मध्यमवर्गीय विनोद. सई परांजपे यांचा 'चष्मेबद्दूर' (१९८१) किंवा परेश मोकाशी यांचा 'चि. व चि. सौ. कां.' (२०१७). यात मोठमोठे हशे कमी असतात, पण ओळखीची माणसं दिसतात. मध्येच कोणी उठून गेलं, फोन आला, तरी फारसं बिघडत नाही.

उपहास. कुंदन शाह यांचा 'जाने भी दो यारो' (१९८३) भ्रष्टाचारावर बोट ठेवतो. उमेश कुलकर्णी यांच्या 'वळू' (२००८) मध्ये एक मोकाट वळू पकडण्याच्या निमित्ताने सगळं गावच उलगडतं. हे चित्रपट हसवतात, पण ते पाहून मन हलकं होईलच असं नाही. दिवसभर दमलेल्या माणसाला 'जाने भी दो यारो'चा शेवट जड जाऊ शकतो.

काळा विनोद. परेश मोकाशी यांच्याच 'वाळवी' (२०२३) मध्ये विनोद उभा राहतो तो एका खुनाच्या बेतावर. चित्रपट चोख आहे, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण त्यात आत्महत्येचा विषय येतो. ज्या घरात असं दुःख होऊन गेलं आहे, तिथे 'कॉमेडी' या शब्दावर विसंबून तो लावणं बरं नाही.

भीती आणि विनोद एकत्र. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' (१९९३) मोठ्यांच्या आठवणीत धमाल विनोदी म्हणून राहिला आहे. पाच वर्षांच्या मुलासाठी मात्र गुंडाचा आत्मा शिरलेली बाहुली हा विनोद नसतो. 'आम्ही तुमच्या वयात किती हसलो होतो' ही मोठ्यांची आठवण अनेकदा चुकीची असते. त्या वेळी त्यांचं वय काय होतं, हे एकदा मोजून पाहावं.

द्व्यर्थी विनोद. दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'ने (१९७१) तमाशाच्या बाजाचा विनोद पडद्यावर रुजवला. पुढे त्यांच्या चित्रपटांतले द्व्यर्थी संवाद हीच त्यांची ओळख बनली. मित्रांच्या टोळक्यात हा विनोद जोरात चालतो. सासरे आणि नवी सून एकाच सोफ्यावर बसलेले असताना तोच विनोद अंगावर येतो.

म्हणून 'कॉमेडी लावू या' असं म्हणण्याऐवजी 'गोंधळ हवा, घरगुती हवं की टोकदार हवं?' असं विचारलं, तर उत्तर लवकर मिळतं.

कोपऱ्यातल्या त्या अक्षरांचा अर्थ काय?

चित्रपट सुरू होताना पडद्याच्या कोपऱ्यात 'यू/ए १३+' असं काहीतरी दिसतं आणि दोन सेकंदांत निघून जातं. सिनेमागृहात लागणाऱ्या चित्रपटाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, म्हणजे आपण ज्याला सेन्सॉर बोर्ड म्हणतो ते, प्रमाणपत्र देतं. ओटीटीवरच्या मालिका आणि इतर कार्यक्रमांचं वर्गीकरण मात्र त्या त्या कंपन्या स्वतः करतात. त्यासाठी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत पाच गट ठरवले आहेत: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. यू म्हणजे सर्वांसाठी, ए म्हणजे फक्त प्रौढांसाठी. मधल्या गटांत दिलेल्या वयापेक्षा लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावं, अशी अपेक्षा असते.

या गटाच्या शेजारीच त्यात काय आहे याचं थोडक्यात वर्णनही देणं बंधनकारक आहे. उदाहरणार्थ भाषा, हिंसा, अमली पदार्थ. विनोदी कार्यक्रमांत 'भाषा' हा शब्द दिसला, तर त्यात शिव्या असण्याची शक्यता बरीच असते. यू/ए १३+ आणि त्यापुढच्या कार्यक्रमांना पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय देणंही नियमात आहे. सेटिंगमध्ये जाऊन ते एकदा लावून ठेवलं की रोज लक्ष ठेवावं लागत नाही.

पण या अक्षरांवर सगळा भार टाकू नये. ती फक्त वय सांगतात, नाती सांगत नाहीत. चाळीस वर्षांचा मुलगा आणि सत्तर वर्षांची आई दोघेही कायद्याने सज्ञान असतात, तरी काही दृश्यं एकत्र पाहताना दोघांनाही पाणी प्यायला उठावंसं वाटतं.

'९८ टक्के मॅच' म्हणजे चित्रपट चांगला का?

नाही. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये तारे देण्याची पद्धत बंद करून अंगठ्याची खूण आणली. त्याबरोबर 'इतके टक्के मॅच' असा आकडा चित्रपटांच्या नावाशी दिसू लागला. बऱ्याच लोकांना तो परीक्षेतल्या गुणांसारखा वाटायचा. प्रत्यक्षात त्या प्रोफाइलवर आधी जे पाहिलं गेलं, त्याच्याशी हा चित्रपट किती जुळतो याचा तो अंदाज होता. एकाच चित्रपटासाठी वेगवेगळ्या प्रेक्षकांना वेगवेगळं पोस्टर दाखवलं जातं, हेही याच कंपनीने त्या वर्षी जाहीर केलं होतं. म्हणजे पोस्टरवर हसरा चेहरा दिसला, म्हणून चित्रपट विनोदी असेलच असं नाही.

घरात सगळे एकच प्रोफाइल वापरत असतील, तर हा अंदाज आणखी फसतो. दुपारी मुलांनी कार्टून पाहिलं, रात्री मुलीने कोरियन मालिका पाहिली, बाबांनी गुन्हेगारीचे माहितीपट पाहिले. या खिचडीतून येणारी शिफारस कोणाचीच नसते. सगळ्यांनी मिळून पाहायच्या गोष्टींसाठी एक वेगळं प्रोफाइल करणं हा त्यावर सोपा उपाय आहे.

जुने विनोद आज का टोचतात?

रंगावरून, जाडेपणावरून, तोतरेपणावरून किंवा बहिरेपणावरून केलेले विनोद जुन्या चित्रपटांत सर्रास सापडतात. बायकोला मारण्याच्या गोष्टीवरही प्रेक्षक हसत असत. असा प्रत्येक चित्रपट टाळायलाच हवा असं नाही. मात्र खोलीत त्याच कारणावरून चिडवलं जाणारं मूल बसलं असेल, तर त्याला इतरांचं हसू कसं ऐकू येईल याचा विचार करावा. असं दृश्य अचानक आलं, तर 'तेव्हा हे चालायचं, आता चालत नाही' एवढं एक वाक्य मोठ्या माणसाने बोलून दाखवावं. गप्प राहण्यापेक्षा ते बरं.

भाषेची अडचण असेल तर?

शाब्दिक विनोद भाषेवर उभा असतो. 'वस्त्रहरण' नाटकाची सगळी गंमत त्यातल्या मालवणीत आहे. परदेशात वाढलेल्या किंवा घरात मराठी कमी ऐकणाऱ्या नातवंडांना ती पोहोचणार नाही. उपशीर्षकं वाचेपर्यंत विनोद पुढे निघून गेलेला असतो. अशा वेळी हालचालींवर उभा असलेला विनोद निवडावा. चार्ली चॅप्लिनचा 'द किड' (१९२१) साधारण तासाभराचा आहे, बस्टर कीटनचा 'शेरलॉक ज्युनियर' (१९२४) पाऊण तासाचा. दोन्ही मूकपट असल्यामुळे आजोबांना कमी ऐकू येत असलं तरी अडत नाही.

चित्रपटच हवा असाही नियम नाही. रात्रीचे दहा वाजले असतील, तर अडीच तासांचा चित्रपट अर्ध्यातच थांबणार हे नक्की. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'सारख्या कार्यक्रमातली दोन-तीन प्रहसनं किंवा जुन्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे'चा एखादा भाग तेवढ्या वेळात पूर्ण होतो आणि सगळे हसून झोपायला जातात.

मग निवड करायची कशी?

- यादी उघडण्याआधी तीन गोष्टी ठरवा: कोण कोण बसणार, हाताशी वेळ किती, आणि विनोद कोणत्या प्रकारचा हवा.
- एकाने फक्त तीन नावं सुचवायची. बाकीच्यांनी त्यातलं एक निवडायचं. चौथं नाव घ्यायचं नाही.
- लहान मुलं असतील, तर चित्रपट आधी कोणीतरी पाहिलेला असावा. निदान वयोगट आणि त्याखालचं वर्णन तरी वाचावं.
- पंधरा-वीस मिनिटांत कोणीच हसलं नाही, तर चित्रपट बदलावा. फार्सला थोडा जास्त वेळ द्यावा, कारण त्याला मांडणीलाच तेवढा वेळ लागतो.
- नावं सुचवण्याची पाळी दर आठवड्याला बदलावी.

यातला शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण बहुतेक घरांत तोच राहून जातो. रिमोट ज्याच्या हातात असतो किंवा ज्याचा आवाज मोठा असतो, त्याची आवड 'सगळ्यांची आवड' ठरते. चित्रपट सुरू झाल्यावर हात पुसत येऊन बसणाऱ्या बाईला काय पाहायला आवडतं, हे घरातल्यांना वर्षानुवर्षं माहीत नसतं. या शनिवारी नावं सुचवण्याची पहिली पाळी तिला द्यावी आणि ती ओट्यापासून मोकळी होईपर्यंत टीव्ही सुरू करू नये.