दाराचा रंग तिन्हीसांजेला ठरतो

कवीला लोक कशाकशासाठी बोलावतात. लग्नपत्रिकेचा मजकूर, सत्काराचं मानपत्र, घराच्या पाटीवर घालायचं नाव. पण दाराला कोणता रंग द्यावा हे विचारायला मला बोलावलं ते कर्जत तालुक्यातल्या एका ठाकुरवाडीतल्या आजींनी. "भाई, तुम्ही पुस्तकं लिहिता, तुम्हाला रंग कळत असंल," असं त्यांचं म्हणणं. मला रंग फारसे कळत नव्हते. आजींच्या दारामुळे थोडे कळले, तेच आज सांगणार आहे.

ठाकुरवाडी हे काही एकाच गावाचं नाव नाही. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत डोंगराच्या कुशीला ठाकूर समाजाची वस्ती जिथे आहे, तिथे हे नाव भेटतं. कर्जतहून खंडाळ्याकडे रेल्वे घाट चढू लागली की वाटेत एक ठाकुरवाडी लागते, तीही त्यातलीच. इथली जुनी घरं कारवीच्या कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या करून बांधायच्या, वरून शेणमातीचा गिलावा. दार म्हणाल तर तेही काठ्यांचंच, म्हणजे ताटी. मराठीतलं सर्वांत प्रसिद्ध दार ताटीचंच आहे. ज्ञानदेव रुसून आत बसले आणि मुक्ताबाई बाहेर उभ्या राहिल्या, ती ताटी. तिला रंग कुठला असणार?

आता घरकुलं आली. २०१६ पासूनच्या पंतप्रधान आवास योजनेत ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं असतं. आजींना असंच पक्कं घर मिळालं. आजूबाजूलाही तशीच घरं, तोच आकार, तोच गिलावा. मागच्या महिन्यात आजी डोक्यावर मोळी घेऊन थेट शेजाऱ्याच्या घरात शिरल्या. सगळे हसले, आजीही हसल्या. पण नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "नजर कमी झाली. सांच्याला रानातून येताना माझं घर मला लांबून दिसलं पाहिजे."

म्हणजे हा नुसता शोभेचा प्रश्न नव्हता.

मी गेलो तेव्हा दार अंगणात आडवं ठेवलेलं होतं. जुन्या चाळीचं उतरवलेलं, भंगारातून आणलेलं सागवानी दार. त्यावर पिवळा, त्याखाली हिरवा, त्याखाली पांढरा, असे रंगांचे थरावर थर. सात वर्षांचा नातू एका हाताने पॉलिश पेपर घासत होता आणि दुसऱ्या हातात भाकरी होती. दोन्ही हात पिवळ्या धुळीने माखलेले.

मी आधी ते काम थांबवायला लावलं. जुन्या तेलरंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, लाल, हिरव्या आणि पांढऱ्या रंगांत, शिसं असण्याची शक्यता फार. पूर्वी झळझळीत पिवळा रंग बऱ्याचदा शिशाच्या क्षारापासूनच बनत असे. रंग कोरडा घासला की शिशाची धूळ उडते, श्वासातून आणि हातातोंडातून पोटात जाते. मुलांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून जुनं दार पाण्याने ओलं ठेवूनच घासावं, तोंडाला फडकं बांधावं, मुलं आणि कोंबड्या लांब ठेवाव्यात. खाली प्लास्टिक अंथरून निघालेला रंग गोळा करावा. कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावं. आणि रंग असलेली जुनी फळी चुलीत मुळीच घालू नये, कारण तो धूर घरभर होतो.

नव्या रंगांसाठी आता कायदा आहे. १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्या देशात घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसं घालायला बंदी आहे आणि तसं डब्यावर छापावं लागतं. डबा घेताना ते वाचून घ्यावं.

आता रंग टिकण्याचं. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो. त्यामुळे पश्चिमेचं दार पावसाळ्यात भिजतं आणि उन्हाळ्यात दुपारभर तापतं. गडद रंग ऊन जास्त पितो. लाकूड फुगतं, आकसतं आणि रंगाला भेगा पडतात. पत्र्याचं दार असेल तर हात लावता येत नाही. अशा दाराला फिका रंग बरा. काही भडक गुलाबी-जांभळे रंग उन्हाने लवकर विटतात. गेरू मात्र विटत नाही. गेरू म्हणजे लोखंडाचा गंजच. जे आधीच गंजलं, त्याचं ऊन आणखी काय बिघडवणार? लाकूड पूर्ण वाळल्याशिवाय रंग लावू नये, म्हणजे हे काम दिवाळीनंतरचं. आधी अस्तर, मग पातळ दोन हात. दाराची वरची आणि खालची कड विसरू नये, पाणी तिथूनच शिरतं. एका दाराला दोन्ही बाजूंनी लिटरभर रंग पुरतो.

राहिला प्रश्न कोणता रंग. आजींच्या मनात कुंकवासारखा लाल होता. मुलगा म्हणाला, हिरवा द्या. पण पावसाळ्याचे चार महिने सगळा डोंगरच हिरवा, त्यात हिरवं दार काय दिसणार? मी निळा म्हटलं, तर शेजारचे एक जण म्हणाले, "निळा अमक्यांचा, हिरवा तमक्यांचा, भगवा आणखी कुणाचा. लोक काय म्हणतील?"

इथे मला माझ्या वडिलांचं दार आठवलं. ते हिरवं होतं. दुकानात तेवढाच डबा स्वस्तात मिळाला होता, बाकी काही कारण नव्हतं. १९९३ नंतर घरात हळू आवाजात चर्चा झाली आणि दार तपकिरी झालं. कोणी धमकी दिली नव्हती, आम्हीच घाबरलो. त्या तपकिरी दारातून आत जाताना पुढे कितीतरी वर्षं मला दुसऱ्याच्या घरी आल्यासारखं वाटायचं. तेव्हापासून माझं एक मत झालं आहे: दाराचा रंग उन्हापावसाला विचारून ठरवावा, भीतीला विचारून नव्हे.

मग आम्ही तीन फळकुटं रंगवली. लाल, हिरवं आणि फिकं निळं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बोटभर नमुना बघून रंग ठरवला की हमखास फसगत होते. रंग ज्या भिंतीशेजारी आणि ज्या उजेडात राहणार, तिथेच तो पाहायला हवा. आम्ही फळकुटं घराच्या भिंतीला टेकवली आणि आजींसोबत खालच्या बांधावर जाऊन बसलो.

उन्हात लालच उठून दिसत होता. आजी खूश. सूर्य डोंगराआड गेला तसा लाल काळवंडू लागला. थोड्या वेळाने तिथे भिंतीला भोक पडल्यासारखं दिसायला लागलं. हिरवाही मंदावला, निळा मात्र दिसत राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाच्या हे लक्षात आलं होतं. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या वेगळ्या पेशी काम करू लागतात. त्यांना तांबडा जवळजवळ दिसत नाही, निळसर रंग त्या मानाने उजळ भासतो. फिका असेल तर आणखीच. तिन्हीसांज म्हणजे याच बदलाची वेळ.

आजींनी फार वेळ घेतला नाही. "दार निळं," त्या म्हणाल्या, "उंबऱ्याला गेरू." कुंकवाचा हट्टही राहिला आणि सोयही झाली. शेजाऱ्यांनी पुन्हा "लोक काय म्हणतील" काढलं, तेव्हा आजी त्यांना म्हणाल्या, "लोकांच्या घरात परत शिरू का?"

तुम्हीही दार रंगवणार असाल तर एक करा. दिवसभरात कोणत्या वेळी, कोणत्या दिशेने, कोण घरी परततं ते आधी बघा. मग त्या वेळी, तिथेच उभं राहून रंग निवडा.

दिवाळीनंतर एकदा उशिरा त्या वाडीत गेलो. दिवे लागायचे होते, आणि सगळी घरकुलं करडी होऊन एकमेकांत मिसळली होती. आजींचं घर मला कुणाला विचारावं लागलं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)