सायकल टपावर चढवताना

रविवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास माजिवड्याच्या नाक्यावर किंवा कल्याण-मुरबाड रस्त्यावर काही वेळ उभे राहिले, तर टपावर सायकली बांधलेली एखादी तरी मोटार हमखास दिसते. कुणी माळशेजकडे निघालेला असतो, कुणी भंडारदऱ्याला. ज्या पिढीने टॅक्सीच्या टपावर वळकट्या, ट्रंका आणि आंब्याच्या पेट्याच पाहिल्या, तिला हा प्रकार थोडा विचित्र वाटतो. "सायकल चालवायची, तर ती गाडीवर कशाला लादायची?" हा प्रश्न घरातील ज्येष्ठांकडून एकदा तरी ऐकावा लागतोच.

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर आपल्या रस्त्यांत दडलेले आहे. ठाणेकरांना निदान येऊरचा चढ जवळ आहे. डोंबिवलीकराने शीळफाट्याच्या दिशेने किंवा भिवंडी वळणरस्त्यावर सायकल घालायची म्हणजे अवजड ट्रक आणि कंटेनर यांच्या संगतीत जीव मुठीत धरून जायचे. शिवाय जे रस्ते शहराबाहेर झटकन नेतात, त्यांवर सायकलीला मज्जावच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवर नाही आणि समृद्धी महामार्गावरही नाही. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. हे आमणे आपल्याच जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यात आहे. त्यामुळे इगतपुरीच्या परिसरातील मोकळ्या रस्त्यांवर सायकल चालवायची, तर तिथपर्यंत ती मोटारीतून किंवा मोटारीवरून नेण्यावाचून गत्यंतर नसते. गर्दीच्या लोकलमध्ये सायकल चढवण्याचा विचार कल्याण स्थानक पाहिलेला माणूस करणार नाही.

तेव्हा सायकल-कॅरियर घेण्याचे ठरले, की माणूस बहुधा कॅरियरची छायाचित्रे पाहू लागतो. येथेच पहिली चूक होते. आधी आपल्या मोटारीचा टप पाहायला हवा. जुन्या फियाट, अ‍ॅम्बेसेडर, मारुती ओम्नी या गाड्यांच्या टपाच्या दोन्ही कडांना पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी पन्हळ असे. त्या पन्हळीला चिमटे लावले, की कॅरियर बसला. ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झालेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीवरचा लोखंडी कॅरियर तसाच बसवलेला असे. आजच्या गाड्यांना ही पन्हळ नाही. काहींच्या टपावर उंच उठलेल्या आडव्या पट्ट्या असतात, काहींच्या पट्ट्या टपाला चिकटून असतात आणि बहुसंख्य छोट्या गाड्यांचा टप निव्वळ मोकळा असतो.

पट्ट्या दिसल्या म्हणजे काम झाले, असेही नाही. अनेक गाड्यांवरील पट्ट्या केवळ शोभेच्या असतात. त्या टपाला चिकटवलेल्या किंवा हलक्या खिळपट्टीने बसवलेल्या असतात आणि त्यांच्यावर भार टाकणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. भार पेलणाऱ्या पट्ट्या असल्या, तर निर्माता तसे स्पष्ट सांगतो. उदाहरणार्थ, रेनॉच्या ट्रायबर आणि कायगर या गाड्यांच्या पट्ट्या ५० किलो भाराच्या असल्याचे कंपनीनेच जाहीर केले आहे. आपल्या गाडीविषयी शोरूममधील विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका, जी आपण बहुतेकजण हातमोजांच्या कप्प्यात ठेवून विसरून जातो, ती काढून टपावरील कमाल भाराचा आकडा शोधावा. तो आकडा सापडला नाही किंवा टपावर भार ठेवू नये असे लिहिलेले आढळले, तर पुढील खटाटोप तेथेच थांबवावा.

हा आकडा मिळाल्यावर थोडे अंकगणित करावे लागते. टपाच्या भारात केवळ सायकली येत नाहीत. आडवे दांडे आणि सायकली धरणारे पाळणे यांचेही वजन त्यात मोजायचे असते. समजा, मर्यादा ५० किलोंची आहे. दोन दांड्यांचे सहा किलो, दोन पाळण्यांचे मिळून आठ किलो आणि प्रत्येकी १५ किलोंच्या दोन सायकली, म्हणजे बेरीज झाली ४४. हे बसते. तिसरी सायकल आणि तिचा पाळणा चढवला, की बेरीज ६३ होते. बाबांची, आईची आणि मुलाची अशा तीन सायकली एकाच छोट्या गाडीवर नेण्याचा बेत येथेच कोलमडतो. मडगार्ड, स्टँड, मागचे कॅरियर असा सगळा संसार अंगावर असलेली आपली नेहमीची काळी सायकल १५ किलोंहून बरीच जड असते, हेही ध्यानात ठेवावे. बॅटरीवर चालणाऱ्या सायकली तर वीस-बावीस किलोंच्या पुढेच असतात, आणि टपावरील अनेक पाळण्यांची मर्यादा सुमारे वीस किलोंची असते. बॅटरी काढून गाडीत ठेवल्याने काही किलो कमी होतात, पण तेवढ्याने दर वेळी भागत नाही.

आता पाळण्यांकडे वळू. यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिल्यात सायकलची दोन्ही चाके एका लांब पन्हळीत ठेवतात आणि एक उभा हात तिची खालची तिरपी नळी पकडतो. सायकल जशीच्या तशी चढते, काही सुटे करावे लागत नाही, म्हणून हा प्रकार लोकप्रिय आहे. मात्र कार्बनच्या फ्रेमची सायकल असेल, तर हा पंजा फार आवळल्यास नळीला तडा जाण्याचा धोका असतो. असा तडा वरून दिसतही नाही. स्त्रियांच्या खाली वाकलेल्या फ्रेमच्या सायकली आणि मुलांच्या लहान सायकली यांनाही हा पंजा नीट धरत नाही.

दुसऱ्या प्रकारात पुढचे चाक काढून फोर्कची टोके पाळण्यावरील आकड्यात अडकवतात. सायकल खाली बसते, हलत नाही आणि फ्रेमला कशाचाही स्पर्श होत नाही. शर्यतीच्या सायकलवाल्यांची म्हणूनच याला पसंती. अडचण अशी, की आकड्याचे माप आपल्या फोर्कशी जुळावे लागते. जुन्या सायकलींचा आस बारीक असतो, नव्या डिस्क ब्रेकच्या सायकलींचा १२ किंवा १५ मिलिमीटर जाडीचा आरपार आस असतो. त्यासाठी वेगळा जोड घ्यावा लागतो. आणखी एक बारीकशी गोष्ट: डिस्क ब्रेकच्या सायकलचे चाक काढल्यावर चुकून ब्रेकची मूठ दाबली गेली, तर आतील गुटके एकमेकांना चिकटून बसतात आणि मुक्कामी पोहोचल्यावर चाक आत जात नाही. गुटक्यांमध्ये जाड पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवावी. काढलेले चिखलाचे चाक डिकीत कशावर ठेवायचे, हा पावसाळ्यातला प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा.

तिसऱ्या प्रकारात पुढचे चाकच दोन बाजूंनी कवेत घेतले जाते. फ्रेम कार्बनची असो वा लोखंडाची, तिला हात लागत नाही आणि चाकही काढावे लागत नाही. घरात वेगवेगळ्या घडणीच्या सायकली असतील, तर माझ्या मते हाच प्रकार सर्वांत सोयीचा. अट एवढीच, की पुढच्या चाकावर मडगार्ड नसावे.

येथवरची निवड बहुतेक जण व्यवस्थित करतात. ज्याचा विचार राहून जातो, ती बाब म्हणजे उंची. प्रस्तुत लेखकाने ती शिकण्यासाठी बरीच फी मोजली आहे. माळशेजहून परतताना दुपार झाली होती, उन्हाने डोके तापले होते, मागच्या आसनावर पोर झोपले होते. डोंबिवलीत शिरल्यावर घर दिसले आणि सवयीने गाडी इमारतीखालील स्टिल्टमध्ये वळवली. काडकन आवाज झाला. तुळईला सायकलचे हँडल आपटले, फोर्क वाकला, पाळण्याचा पाय टपात रुतला आणि पत्र्याला पोचा पडला. वाहनतळाची उंची मला ठाऊक होती. टपावर सायकल आहे, हे मात्र त्या क्षणी ठाऊक नव्हते. विमा कंपनीने टपाचा काही खर्च दिला. सायकल मोटारीच्या विम्यात बसत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

साध्या छोट्या गाडीची उंची दीड मीटर धरली, दांडे आणि पाळणा यांचे पंधरा सेंटिमीटर आणि उभ्या सायकलचे एक मीटरहून थोडे अधिक, तर एकूण उंची पावणेतीन मीटरच्या घरात जाते. उंच एसयूव्हीची तीन मीटरला टेकते. मॉलच्या तळघरांच्या तोंडाशी २.१ किंवा २.२ मीटरची पाटी लटकत असते. ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीच्या पुनर्विकसित इमारतींत गाड्या एकावर एक रचणारी यांत्रिक वाहनतळे आली आहेत. त्यांतील कप्प्यांत काही वेळा नुसते रिकामे दांडेसुद्धा मावत नाहीत. कॅरियर घेण्यापूर्वी आपल्या वाहनतळाच्या तुळईखालील उंची टेपने मोजून घ्यावी. दांडे लावूनही गाडी आत जात नसेल, तर प्रत्येक सहलीनंतर दांडे उतरवण्याची तयारी आहे का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. रस्त्यावरही धोके आहेतच. धोकादायक पुलांवर लावलेले लोखंडी अडसर, येऊरच्या रस्त्यावर झुकलेल्या फांद्या, खांबांवरून लोंबणाऱ्या केबल आणि गणेशोत्सवात गल्लीगल्लीत उभ्या राहणाऱ्या कमानी. गाडीची एकूण उंची कागदावर ठळक लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवण्याचा परिपाठ मी त्या दिवसापासून ठेवला आहे. घरी हसतात, हसू द्यावे.

वाऱ्याचा विचारही करायला हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी ८० किलोमीटरवर सायकलींना जो रेटा बसतो, त्याच्या सव्वादोन पट रेटा १२० वर बसतो. समृद्धीवर मोटारींना १२०ची मुभा आहे म्हणून टपावर सायकली असताना ती वापरलीच पाहिजे, असे नाही. ऐंशीच्या आसपास राहिले, तर पेट्रोलही वाचते आणि मोठा ट्रक बाजूने गेल्यावर बसणारा हिसकाही सौम्य होतो. कसाऱ्याच्या वळणांवर गाडी नेहमीपेक्षा अधिक कलते, कारण भार उंचावर असतो. निघाल्यावर पहिल्या थांब्यावर, म्हणजे शहापूर किंवा मुरबाडला चहाला उतरलात, की सगळे पट्टे आणि नट हाताने हलवून पाहावेत. नवे बसवलेले नट थोड्या अंतरानंतर सैल होतात. दांड्यांच्या रबरी बैठकीखाली वाळूचे कण अडकले, तर टपाच्या रंगावर कायमचे ओरखडे उमटतात. तेव्हा बसवण्यापूर्वी टप पुसण्याचा कंटाळा करू नये.

कायद्याची बाजू थोडी संदिग्ध आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. काढता-घालता येणारा कॅरियर असा बदल ठरतो का, याविषयी नाक्यावरील हवालदार आणि आपण यांचे एकमत होईलच, असे नाही. एमएच-०४ असो वा एमएच-०५, आपल्या परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी, गाडीच्या कंपनीने मान्य केलेलाच कॅरियर घ्यावा, पावती गाडीत ठेवावी आणि एरवी तो उतरवून ठेवावा. डिकीवर पट्ट्यांनी टांगायचे कॅरियर स्वस्त पडतात, उंचीची कटकटही नसते. पण त्यावर लावलेली सायकल मागची नंबरप्लेट आणि दिवे झाकते आणि तेथे नियमभंग निर्विवाद असतो.

टपावरील सायकलींचे आकर्षण बरेचसे शर्यतींच्या चित्रांतून आले आहे. टूर द फ्रान्समधील संघांच्या मोटारी टपावर सायकली मिरवत असतात, कारण पंक्चर झालेल्या खेळाडूला काही सेकंदांत दुसरी सायकल द्यायची असते. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने पूर्ण केली. अशा शर्यतीत स्पर्धकामागे दिवसरात्र मदतीची गाडी धावत असते. आपल्याला तेवढी घाई क्वचितच असते. एकट्यानेच जायचे असेल, तर मागचे आसन दुमडून, दोन्ही चाके काढून, जुन्या चादरीत गुंडाळून सायकल गाडीच्या आत ठेवणे हा बिनखर्ची आणि सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. त्यात चोरीची भीती कमी आणि ढाब्यावर मिसळ खाताना टपाकडे नजर ठेवण्याची गरज नाही. चांगल्या कंपनीचे दांडे आणि दोन पाळणे यांचा खर्च अर्ध्या लाखापर्यंत सहज जाऊ शकतो. वर्षातून चारच वेळा बाहेर पडणाऱ्याने तो करावा का, याचा विचार व्हायला हवा. दोघांनी दर पंधरवड्याला जायचे असेल, तर मात्र टपावरील कॅरियरला पर्याय नाही. अशांनी दुकानात जाताना गाडीची पुस्तिका, वाहनतळाची मोजलेली उंची आणि दोन्ही सायकली सोबत न्याव्यात. सायकली तेथेच चढवून, उतरवून आणि पुन्हा चढवून पाहाव्यात. पंधरा किलोंची सायकल खांद्याच्या वर उचलणे घरातील प्रत्येकाला जमतेच असे नाही, हे दुकानातच कळलेले बरे.