कंट्रोल-के-बी

सांगलीत १९९० च्या जूनमध्ये मी कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं, तेव्हा इंग्रजी टायपिंगची चाळीसची परीक्षा पास झाले होते. डॉस, वर्डस्टार, लोटस आणि डीबेस असा सहा महिन्यांचा कोर्स होता. एका मशीनवर दोघी बसायच्या, म्हणजे तासाभराच्या प्रॅक्टिकलमधला अर्धाच तास हातात यायचा. फ्लॉपी ज्याची त्याने आणायची, सव्वापाच इंची, ३६० केबीची. तिच्यावर नाव लिहिलेलं लेबल आणि वर कागदी पाकीट. ती वाकू नये म्हणून मी वहीत घालून न्यायची.

प्रॉम्प्टसमोर डब्ल्यूएस टाइप करून एंटर मारलं की वर्डस्टार, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, उघडायचं. मग डी दाबायचा आणि फाइलचं नाव द्यायचं. पडद्यावर सगळ्यात वर फाइलचं नाव, पान, ओळ आणि रकाना. त्याखाली आज्ञांची यादी आणि समासाची पट्टी, मग कोरी जागा. उजव्या कडेला एक अरुंद पट्टा असायचा. जिथे आपण एंटर दाबलं असेल त्या ओळीसमोर तिथे एक छोटी खूण उमटायची. टाइपरायटरवरून आलेल्या माझ्यासारखीला ही खूण पहिल्याच दिवशी कामाला आली. ओळ संपत आली की घंटी वाजणार आणि मग कॅरेज ढकलायचं, ही सवय हातात इतकी मुरली होती की मी प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारत होते. कडेचा पट्टा खुणांनी भरून गेला. सरांनी नुसतं त्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. “ओळ तुटायची काळजी तू करायची नाहीस. परिच्छेद संपला की एंटर, तोवर हात थांबवू नकोस.”

दुसरी ताकीद बाणांची. की-बोर्डच्या उजव्या टोकाला, आकड्यांच्या बटणांवर, वर-खाली जायचे बाण होते. सरांनी त्यांना हात लावू दिला नाही. आम्हा टायपिंगवाल्यांचा पहिला धडा आठवा: ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. बोटं या ओळीवर ठेवायची आणि काही झालं तरी तिथेच परत आणायची. बाणाकडे गेलेला हात परत येताना एक घर चुकतो, मग पुढचे चार शब्द चुकतात. वर्डस्टारमध्ये बाणांची गरजच नव्हती. कंट्रोल धरून एस दाबला की कर्सर एक अक्षर डावीकडे, डी दाबला की उजवीकडे, ई ने एक ओळ वर आणि एक्स ने एक ओळ खाली. की-बोर्डवर ही चार अक्षरं बघा. ई वर, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. पतंगासारखा चौकोन आहे तो. एस म्हणजे काय, डी म्हणजे काय, हे विचारायचंच नाही. अक्षराचा अर्थ नाही, त्याची जागा लक्षात ठेवायची.

हे एकदा कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. चौकोनाच्या बाहेर एक पाऊल टाकलं की उडीही मोठी होते. एस च्या पलीकडे ए आहे, त्याने एक शब्द मागे. डी च्या पलीकडे एफ, त्याने एक शब्द पुढे. ई शेजारच्या आर ने पडदाभर मजकूर मागे, एक्स शेजारच्या सी ने पडदाभर पुढे. आणि आधी कंट्रोल-क्यू दाबलं तर तीच दिशा टोकापर्यंत जाते: क्यू-एस म्हणजे ओळीचा आरंभ, क्यू-डी म्हणजे ओळीचा शेवट, क्यू-आर म्हणजे फाइलचं पहिलं अक्षर, क्यू-सी म्हणजे शेवटचं. खोडायच्या आज्ञा चौकोनाच्या उजवीकडे शेजारी-शेजारी होत्या: जी ने अक्षर, टी ने शब्द, वाय ने अख्खी ओळ. क्लासातल्या मशीनवर कंट्रोलचं बटण ए च्या अगदी डावीकडे होतं, त्यामुळे करंगळी तिथे टेकवली की डाव्या हाताची बाकीची बोटं मोकळी. फक्त ए दाबायला करंगळी उरायची नाही, म्हणून अनामिका एक घर सरकवायची.

अशी मांडणी का केली असेल? वर्डस्टार काढणारी मायक्रोप्रो ही कंपनी सेमूर रुबिनस्टाइन यांनी १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केली आणि मूळ प्रोग्रॅम रॉब बार्नबी यांनी लिहिला. तेव्हा आयबीएमचा पीसी यायलाही तीन वर्षं होती. सीपी-एम या डॉसच्या आधीच्या प्रणालीवर चालणारी मशीन्स निरनिराळ्या कंपन्यांची, प्रत्येकीचा की-बोर्ड वेगळा. बाणांची बटणं असतीलच असं नाही. अक्षरं आणि कंट्रोल मात्र सगळीकडे. त्या अडचणीतून हा चौकोन आला, पण त्याची नेमकी जागा ठरवणाऱ्याला टायपिस्टचा हात माहीत होता, हे मी खात्रीने सांगते.

मला सगळ्यात जास्त भावली ती मात्र दुसरीच गोष्ट. पाठोपाठ दोन बटणं लागणाऱ्या आज्ञांचे गट होते. के मध्ये मजकुराचे तुकडे आणि फाइल जपणं, ओ मध्ये समास आणि मांडणी, पी मध्ये छपाईचा ठसा आणि अधोरेखन. कंट्रोल-के दाबून तुम्ही क्षणभर थबकलात, तर वरची यादी बदलून के च्या सगळ्या आज्ञा समोर यायच्या. आणि दुसरं अक्षर लगेच दाबलंत, तर यादी येतच नसे, काम होऊन जाई. पहिल्या आठवड्यात प्रत्येक वेळी यादी यायची. महिनाभराने ती कधीतरी डोकावायची. मला काय येतं आणि काय येत नाही, याचा यापेक्षा खरा निकाल मी कुठल्या परीक्षेत पाहिलेला नाही. पुढे सरांनी कंट्रोल-जे-एच दाबून मदतीची पातळी शून्यावर आणून दिली. यादी गेली आणि लिहायला जवळजवळ अख्खा पडदा मिळाला.

कोर्स संपल्यावर मी विद्यापीठाचे प्रबंध टाइप करायला घेऊ लागले. एक प्रबंध ऊस उत्पादकांच्या पतपुरवठ्यावरचा होता. चौदाव्या पानावरचा एक परिच्छेद नवव्या पानावर न्यायचा असं गाइडनी समासात लिहून दिलं होतं. टाइपरायटरवर याचा अर्थ सहा पानं नव्याने. इथे परिच्छेदाच्या आरंभी कंट्रोल-के-बी. पडद्यावर छोट्या कंसात बी उमटतो. परिच्छेदाच्या शेवटी कंट्रोल-के-के, आणि तेवढा मजकूर वेगळ्या उजेडात दिसतो. आता घाई नाही. खूण टिकून राहते. मी आरामात नवव्या पानावर गेले, वाटेत अकराव्यावर दिसलेली एक चूक दुरुस्त केली, जागा पुन्हा वाचून बघितली आणि मग कंट्रोल-के-व्ही. परिच्छेद तिथे येऊन बसला. कंट्रोल-बी ने ओळी नव्या समासात जुळवल्या. कुठे लांब शब्द ओळीत मावला नाही तर प्रोग्रॅम थांबून विचारायचा, इथे जोडरेघ देऊन तोडू का? मग कंट्रोल-क्यू-व्ही ने मूळ जागी परत, आणि तिथली फट मिटवली. आजच्या प्रोग्रॅममध्ये निवडलेला मजकूर एका चुकीच्या बटणाने पुसला जातो. वर्डस्टारमध्ये तो तुमची वाट बघत राहायचा. कागदावर पेन्सिलीने कंस करून ठेवावा तसा.

त्रासही होता. आमच्याकडे ३.३ व्हर्जन होतं, त्यात कंट्रोल-वाय ने गेलेली ओळ परत आणायची सोय नव्हती. अधोरेखनासाठी शब्दाच्या आधी कंट्रोल-पी-एस आणि नंतर पुन्हा पी-एस. दुसरं विसरलं की डॉट मॅट्रिक्सवरून पुढचा सगळा मजकूर अधोरेखित होऊन यायचा. आणि वीज. दुपारी कधीही जायची. एका संध्याकाळी संदर्भसूचीची अकरा पानं गेली. ती रात्रभर बसून पुन्हा टाइप केली, कारण सकाळी बाइंडिंगला द्यायची होती. तेव्हापासून दर परिच्छेदाला कंट्रोल-के-एस. जपल्यावर कर्सर फाइलच्या आरंभी जाऊन थांबायचा आणि होता तिथे परतायला लगेच कंट्रोल-क्यू-पी द्यावं लागायचं. के-एस, क्यू-पी. चार बटणांची ही एकच हालचाल होऊन गेली. आजही वाक्य संपलं की डाव्या हाताची करंगळी खाली जाते.

मराठीही याच आज्ञांनी टाइप केली. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी यायची, आणि इन्स्क्रिप्टची स्वरांची बाजू डाव्या हाताला, व्यंजनांची उजव्या हाताला. अक्षरं नवी शिकावी लागली, पण परिच्छेद हलवायला के-बी, के-के, के-व्ही तेच.

विंडोज आल्यावर सगळं उलटंपालटं झालं. एस म्हणजे जपणं, एक्स म्हणजे कापणं, एफ म्हणजे शोधणं. एक शब्द मागे जायला मी कंट्रोल-ए दाबलं, सगळी फाइल निवडली गेली, आणि पुढच्या अक्षराने ती पुसली गेली. जुनं विसरायला शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागले. नव्या आज्ञा वाईट नव्हत्या. त्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवर किंवा बटणाच्या आकारावर बेतलेल्या आहेत, म्हणून ऐकून लक्षात राहतात. पण हात ओळीवरून उचलून माउसकडे न्यायचा, ही गोष्ट दिवसाला चाळीस पानं टाइप करणाऱ्याला परवडत नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन हे कादंबरीकार डॉसच्या मशीनवर वर्डस्टार ४.० मध्येच लिहितात, हे त्यांनी २०१४ मध्ये टीव्हीवर सांगितलं तेव्हा मुलाखत घेणाऱ्याला नवल वाटलं. मला वाटलं नाही.

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी त्याच्या लिनक्सच्या लॅपटॉपवर जो नावाचा एक फुकट मिळणारा एडिटर टाकून दिला. तो जेस्टार या नावाने उघडला की वर्डस्टारच्या आज्ञा घेतो. मी बटणांकडे न बघता पान लिहिलं आणि मधला परिच्छेद वर नेला. कंट्रोल-के-बी, कंट्रोल-के-के, कंट्रोल-के-व्ही. तिन्ही चालल्या.